संमोहनातला आकडा

कारंज्याच्या नाक्यावर ताडपत्री आणि दोरखंडाचं दुकान टाकायचं, तर ते ज्याला आकड्यांचं वेड नाही अशा माणसानं टाकावं. समोरून नागपूर-अमरावती रस्ता जातो, दिवसभर ट्रक येऊन थांबतात आणि प्रत्येक ट्रकच्या पाठीवर नंबर असतो. हिरालालला नेमकं तेच वेड होतं आणि दुकान वडिलांपासून चालत आलेलं. गिऱ्हाईक दोरीचा भाव विचारायचं, तेव्हा हा त्याच्या खांद्यावरून मागच्या ट्रकचा शेवटचा आकडा बघत असायचा.

माणूस वाईट नव्हता, हे आधी सांगायला हवं. माप चोख, जीभ गोड, दारूला कधी शिवला नाही. पण सट्टा लागला आणि डोकं पोखरून गेला. सट्टा खेळणारा आकडा मनानं ठरवत नाही. त्याच्या लेखी आकडा जगात कुठेतरी लपलेला असतो, फक्त ओळखता यायला हवा. तो स्वप्नात असतो, बसस्टँडवरच्या वेड्याच्या बडबडीत असतो, मेलेल्या माणसाच्या वयात असतो. गावात मयत झाली की खांदा द्यायला आलेल्यांतले दोन-चार जण हळूच विचारायचे, "वय काय होतं हो?" घरच्यांना वाटायचं, माणूस हळहळतोय.

हिरालालची मुलगी रक्षा तेव्हा नववीत होती. तो रोज सकाळी चहाच्या वेळी तिला जवळ घेऊन विचारायचा, "काय दिसलं मग सपनात?" साप दिसला, विहीर दिसली, लगीन दिसलं, प्रत्येकाचा आकडा त्याच्याकडे ठरलेला. बापाचा चेहरा उजळतो हे पोरीनं ओळखलं आणि स्वप्न पडलं नाही त्या दिवशी ती मनानं रचून सांगू लागली. एके सकाळी प्रमिलाबाईंनी चुलीपाशी बसून हे सगळं ऐकलं. रक्षा शाळेत गेल्यावर त्या नवऱ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"पोरगी झोपीत बी तुमच्यासाठी आकडे पाहून राह्यली," त्या म्हणाल्या. "आता सोडा, नाईतर मी तिले घेऊन आष्टीले माहेरी जाईन. मंग बोलवाले येऊ नका."

प्रमिलाबाई नुसती धमकी देणाऱ्यांतल्या नव्हत्या. हिरालाल हादरला. याआधी त्यानं देवळात शपथा घेतल्या होत्या, सोमवार धरले होते आणि सगळं दोन-दोन दिवसांत मोडलं होतं. वर्ध्याला प्रभाकरराव नावाचे मानसशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक संमोहनानं लोकांची बिडी, तंबाखूचा खर्रा सोडवतात, असं त्याच्या कानावर आलं होतं. सत्त्याण्णवच्या हिवाळ्यात तो आर्वीवरून एसटीनं वर्ध्याला गेला.

प्रभाकररावांनी त्याला आरामखुर्चीत बसवलं, डोळे मिटायला लावले. "तुम्ही एक जिना उतरताय," ते सावकाश म्हणाले. "दहावी पायरी... नववी... आठवी... सातवी..." एवढ्यात बाहेर कुणाची स्कूटर फडफडली. ते थांबले, घोटभर पाणी प्यायले आणि पुन्हा म्हणाले, "सातवी..." पुढे त्यांनी पुष्कळ चांगलं सांगितलं. आकडा दिसला तरी मन शांत राहील, पाय घराकडे वळतील वगैरे. हिरालालचं अंग खरोखर हलकं झालं होतं. पण जागा झाला तेव्हा त्याच्या हाती एवढंच उरलं होतं, की अर्धवट झोपेत एका विद्वान माणसाच्या तोंडून सात दोनदा आला.

घरी जाण्याआधी तो बंडूजीच्या पानठेल्यावर गेला. ठेल्यामागे बंडूजी सट्ट्याच्या चिठ्ठ्या लिहायचा. हिरालालनं सात लावला. आणि दुर्दैव असं, की सातच निघाला.

निघाला नसता, तर एवढा अनर्थ झाला नसता. हिरालालला ते पोटात ठेवता आलं नाही आणि नाक्यावर बोभाटा झाला. बंडूजी स्वतः दुकानात येऊन म्हणाला, "हिरालालशेठ, तुमच्या मास्तरकडं आपला बी नंबर लावून देता काय?" त्या आठवड्यात कारंज्याहून चार जण व्यसन सोडायला म्हणून वर्ध्याला गेले. बिचाऱ्या प्रभाकररावांना वाटलं, आपली कीर्ती पसरली.

प्रमिलाबाईंना बंडूजीच्या बायकोकडून कळलं. त्या रडल्या नाहीत, भांडल्या नाहीत. पेटी भरली, रक्षाचा शाळेचा दाखला काढला आणि निघताना उंबऱ्यात एवढंच म्हणाल्या, "तुमी तं दवाई बी सट्ट्यात लावली."

ते वाक्य हिरालालच्या जिव्हारी लागलं. रिकाम्या घरात तो दोन दिवस जेवला नाही. तिसऱ्या दिवशी वर्ध्याला जाऊन प्रभाकररावांना त्यानं सगळं खरं सांगितलं. चौघे जण कशासाठी येत होते तेही सांगितलं. म्हातारा आधी संतापला, मग खिन्न झाला. "चूक माझीही आहे, हिरालालजी," ते म्हणाले. "भुकेल्यापुढे मीच ताट वाढलं. आता इथे मोजणं बंद. मला सांगा, दुकानात असं कोणतं काम आहे, जे करताना डोक्यात आकडा येत नाही?"

हिरालालनं बराच विचार केला. "ताडपत्रीची घडी," तो म्हणाला. "रोज सांजच्याले करतो. पण थे एकट्यानं होत नाई. दोन कोपरे मी धरतो, दोन घरची."

"मग त्यांना घेऊन या."

हिरालाल आष्टीला गेला. सासुरवाडीच्या ओसरीवर तो चोरासारखा बसून राहिला. प्रमिलाबाईंनी ऐकून घेतलं आणि आपली अट सांगितली. "सुक्रवारी वर्ध्याले येईन. घरी नाई येणार."

त्या आल्या. हिरालालनं डोळे मिटले आणि प्रभाकररावांच्या सांगण्यावरून प्रमिलाबाई रोज संध्याकाळी दुकानात घडी घालताना बोलायच्या तेच बोलू लागल्या. "ताणा... या... धरा... जा... या..." त्या आवाजावर हिरालाल उतरत गेला. त्याचे हात मांडीवर असूनही कोपरे धरल्यासारखे हलत होते. प्रभाकररावांनी हळूच विचारलं, "आकड्यासाठी तुम्ही काय केलंत, जे कुणालाच सांगितलं नाही?"

त्याचे हलणारे हात थांबले. मग तो बोलला, आणि आवाज त्याचा वाटत नव्हता. "माय गेली तवा मी नागपूरले गेलतो, माल आणाले. आलो तं प्रमिला मायजवळ बसून होती. म्या विचारलं, कितीक वाजता गेली. तिनं रडत रडत सांगतलं. थो आकडा म्या लावला. मायले आंघोळ घालून राह्यले होते तवा."

प्रमिलाबाई जागच्या जागी थिजल्या. सासूचं दुखणं त्यांनी एकटीनं काढलं होतं. आईचा शेवटचा क्षण हुकल्याचं दुःख म्हणून नवरा वेळ विचारतो आहे असं समजून त्यांनी त्याला उराशी धरलं होतं. इतकी वर्षं त्यांच्या संसारातला तोच एक क्षण त्यांना आपला वाटत आला होता. त्या उठल्या आणि तो डोळे उघडायच्या आत निघून गेल्या.

पुढचा शुक्रवार त्या आल्या नाहीत. त्याच्या पुढचाही नाही. हिरालाल मात्र जात राहिला. प्रभाकरराव स्वतःच "ताणा, या, जा" म्हणायचे, पण त्यांच्या तोंडी ते शोभायचं नाही. नाक्यावर बंडूजी हाका मारायचा. ट्रक यायचे, आकडे दिसायचे. हिरालाल दुकानातून उठायचा, ताडपत्री पसरायचा, एकट्यानंच तिची वेडीवाकडी घडी घालायचा, मोडायचा, पुन्हा घालायचा. लोक हसले. पण ठेल्याकडे तो गेला नाही.

होळीनंतरच्या एका शुक्रवारी प्रभाकररावांच्या व्हरांड्यात प्रमिलाबाई बसलेल्या दिसल्या. का आल्या ते त्यांनी सांगितलं नाही आणि विचारायची हिंमत त्याला झाली नाही. त्यानंतर जवळजवळ वर्षभर दोघं असे भेटत राहिले. ती आष्टीहून यायची, तो कारंज्याहून. आत तिच्या आवाजावर तो शांत व्हायचा आणि बाहेर आल्यावर दोघं परक्यासारखे वेगवेगळ्या गाड्या धरायचे.

मग एक दिवस प्रभाकरराव म्हणाले, "आता माझं काम संपलं. आकडे दिसतील, ते जन्मभर दिसतील. पण तुम्हाला उठून दुसरं काम करता येतं." हिरालालला आनंद व्हायला हवा होता. पण त्याच्या मनात एकच आलं. शुक्रवार संपला तर आता भेटणार कुठे?

वर्धा बसस्टँडवर कारंज्याची गाडी लागली होती. आष्टीच्या गाडीला अवकाश होता. हिरालालनं बळ एकवटून विचारलं, "माफ केलं काय मले?"

"नाई," प्रमिलाबाई म्हणाल्या. "थे मायचं होत नाई माह्याच्यानं. होईन असं बी वाटत नाई." त्यांनी पदर खांद्यावर ओढला. "रक्षाची परीक्षा झाली का तिले आणू. मी आजच येऊन राह्यली."

त्या पुढे होऊन कारंज्याच्या गाडीत चढल्या, खिडकीशी बसल्या आणि शेजारच्या जागेवर पिशवी ठेवली. हिरालाल दांडीला धरून उभा राहिला. बाजूला उभ्या असलेल्या माणसानं प्रमिलाबाईंना पिशवी उचलायला सांगितली, तर हिरालालच म्हणाला, "राहू द्या, भाऊ." आर्वी येईपर्यंत तो तसाच उभा होता. आर्वीला प्रमिलाबाईंनी पिशवी मांडीवर घेतली. तो शेजारी बसला.