सव्वा महिन्यातला शेवटचा पेपर

मुलांनो,

परवा फोनवर तुमच्यातल्या धाकट्यानं विचारलं, की बाळ पणजीकडे, म्हणजे माझ्याकडे, बाळाचे बाबाही पणजीकडे, मग ताई एकटीच तिकडे दूर काय करते? मी "शिकते" एवढंच म्हटलं आणि तुमच्या शाळेचं विचारलं. पण प्रश्न रास्त होता. त्याचं उत्तर आजच लिहायला बसले, याला कारण आहे. आपल्याकडचे लोक ही गोष्ट आता गोड करून सांगायला लागले आहेत. गेल्या आठवड्यात एका लग्नात एक बाई मला म्हणाल्या, काय समजूतदार नातजावई मिळाला तुम्हाला, बायकोसाठी हसत हसत पेपर सोडला. हसत हसत कुणीही काही सोडलं नव्हतं. मी तिथं होते. अजून ते आठवलं की हातातलं काम थांबतं. गोष्टीला आणखी साखर लागायच्या आत जसं घडलं तसं लिहिते. तुम्हाला मराठी वाचायला वेळ लागतो, म्हणून सोपं लिहिते.

तुमची ताई माझ्या धाकट्या लेकीची मुलगी, म्हणजे तुमची आतेबहीण. तिची आई ती लहान असताना वारली, एवढं तुम्हाला माहीत आहे. कशी, ते आम्ही कुणी सांगत नाही. बाळंतपणानंतर सव्वा महिना बाईनं घराबाहेर पडायचं नाही, वारा लागू द्यायचा नाही, कान बांधून, शेक घेऊन पडून राहायचं, अशी आपल्याकडची रीत. माझी लेक ताईच्या जन्मानंतरच्या सव्वा महिन्यात एका कामासाठी यवतमाळला जाऊन आली, आणि त्यानंतर तापानं गेली. डॉक्टरांनी सांगितलेलं कारण वेगळं होतं, ते मला समजलंही होतं. मी इंग्रजी घेऊन एम.ए. झालेली, आर्णीच्या शाळेत जन्मभर शिकवलेली बाई. नजर लागते, वारा लागतो, असलं मी काही मानत नाही. पण सव्वा महिन्याचा धाक माझ्या अंगातून गेला नाही.

ताईचं लग्न शिकत असतानाच झालं. मुलगा तिच्याच वर्गातला, दोघंही यवतमाळला कृषी पदवीला होती. अभ्यासाला म्हणून आमच्या घरी यायचा तेव्हापासून मी त्याला 'अरे'च म्हणते. विहारात लग्न लागल्यावरही ते बदललं नाही. शेवटच्या वर्षी धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दोघं नागपूरला जाऊन आले आणि तिथून थेट माझ्याकडे उतरले. मी पातोडीची रस्साभाजी केली होती, ताईची आवडती. तिनं ताट सरकवलं आणि सांगितलं, तीन महिने झाले आजी, आता सांगायला हरकत नाही.

मी आधी त्याच्याकडे वळले. मग मी विचारलं, अरे, पण परीक्षेचं काय? पुढं एम.एस्सी. करायचं होतं ना दोघांना? त्यावर तो भाकरी मोडत शांतपणे म्हणाला, "आजी, हरभरा निघाला का सोयाबीन पेरेपर्यंत वावर खाली असते ना, तसंच बसवलं आम्ही. एप्रिलात पेपर संपते, मे मधे बाळ, पावसाळ्यात पुढचा प्रवेश."

म्हणजे हे झालेलं नव्हतं, ठरवलेलं होतं. मुलांनो, माझ्या काळी मुलं होत असत. दोन हंगामांच्या मधल्या रिकाम्या जागेत कुणी ती बसवत नसे. मी त्याच्याकडे पाहत राहिले. बाळानं ऐकलं नाही तर, असं मी विचारलं, तर ताई म्हणाली, "ऐकेल गं."

बाळानं ऐकलं. अगदी मे महिन्याच्या सुरुवातीला, काही त्रास न देता आलं. ऐकलं नाही ते परीक्षेनं. ती पुढं पुढं ढकलत गेली. पिकाचं सगळं शिकलेल्या या दोघांनी परीक्षेचं वेळापत्रक मात्र पंचांगासारखं धरून चालायचं ठरवलं होतं, याचं मला अजून नवल वाटतं.

पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून ती आर्णीला माझ्याकडे होती. राळेगावकडून विहीणबाई, म्हणजे ताईच्या सासूबाई आल्या, डिंकाचे लाडू, शेगडी आणि बाज घेऊन. त्यांच्या शेतात त्या दिवसांत काम कमी असतं. त्या मला 'मॅडम' म्हणतात, आणि त्या म्हणण्यात थोडा चिमटा असतो. आमचं छान जमलं होतं. शेक कसा द्यायचा हे त्या ठरवत, औषध कधी द्यायचं हे मी.

शेगडीवर ओवा टाकलेला, खोलीत धूर, आणि ताईच्या फोनवर परीक्षेच्या तारखा आल्या. सव्वा महिना अर्धाही झालेला नव्हता. तिनं वाचलं आणि फोन नवऱ्याच्या हातात दिला. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. या परीक्षेत एक पेपर जरी राहिला, तरी त्या वर्षीच्या प्रवेशपरीक्षेला बसता येत नव्हतं. ताईला दक्षिणेतल्या विद्यापीठात वनस्पतींच्या रोगांवर शिकायचं होतं. हे ती दहावीपासून म्हणत होती.

मी नाही म्हटलं. विहीणबाईंनीही नाही म्हटलं. "बाळतीण बाई कुठी पेपर देते का? लोक काय म्हणतीन ते जाऊ द्या, तिची कंबर काय म्हणीन?" मी म्हटलं, पुढच्या वर्षी दे. वर्ष जातं, परत येत नाही, पण माणूस राहतं. माझा आवाज चढला असावा, कारण बाळ दचकलं. ताईनं त्याला उचललं आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "आजी, मी माझी आई नाही."

आमच्या घरात तिच्या आईचा असा विषय इतक्या वर्षांत कुणी काढला नव्हता. विहीणबाईंना काही कळलं नाही. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मी स्वयंपाकघरात गेले आणि तिथंच उभी राहिले. परत आले तेव्हा पेपरला जायला गाडी कुणाची सांगायची, एवढंच विचारलं.

पेपरच्या दिवशी आम्ही सगळे गाडीनं यवतमाळला जायचो. दोघं आत परीक्षेला, आणि आम्ही दोघी म्हाताऱ्या बाळाला घेऊन कॉलेजच्या भिंतीलगत कडुलिंबाखाली, गाडीत. "पोराले पेपर, सुनेले पेपर, अन् आपण दोघी बाहेर वॉचमन," विहीणबाई म्हणायच्या. "तुमची तं नोकरीच होती मॅडम, मले फुकट राबवलं." विदर्भातला मे महिना तुम्ही पाहिलेला नाही. सगळं गाव पंख्याखाली, आणि ताई कानाला स्कार्फ घट्ट गुंडाळून परीक्षेच्या खोलीत. तो स्कार्फ सासूनं बांधलेला असायचा आणि बांधताना एक टोमणा ठरलेला असायचा. पेपर सुटला की ती धावत नाही पण धावल्यासारखी यायची, गाडीत बसून बाळाला पाजायची. तो बाहेर उभा राहून तिला विचारायचा, तिसरा प्रश्न कोणता लिहिला. मला वाटायला लागलं होतं, की होईल हे.

शेवटच्या पेपरच्या आदल्या दिवशी सकाळी तिला थंडी वाजून ताप आला. छातीत दूध साकळून गाठ झाली होती. डॉक्टरांनी तपासून औषधं दिली, घाबरू नका म्हणाले, बाळाला सध्या वरचं दूध द्या म्हणाले. मी सगळं ऐकत होते आणि मला काहीच ऐकू येत नव्हतं. तोच रस्ता, तेच गाव, तोच ताप.

घरी आल्यावर विहीणबाईंनी आपली पिशवी भरली. "मी सांगतलं होतं मॅडम. तुमच्या शिक्षणापायी पोरीले काही झालं, तं मले तोंड दाखवू नका." मुलानं अडवलं तरी त्या थांबल्या नाहीत. दुपारच्या एसटीनं गेल्या. जाताना बाळाच्या कपाळाला हात लावला, माझ्याशी बोलल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी औषधानं ताप उतरला होता, पण चेहरा पांढरा होता. मला तिला थांबवायचं होतं, आणि थांब म्हणायचं धैर्य नव्हतं. मी फक्त विचारलं, बसवेल का? ती हो म्हणाली.

तिची तब्येत बघून तिला दाराजवळची जागा दिली होती आणि रांगेआधीच आत सोडलं होतं. तो फाटकाजवळ रांगेत, हातात हॉलतिकीट. मी गाडीत बाळाला चमच्यानं दूध पाजत होते. बाळाला ते दूध नको होतं. ते रडत होतं, रडून रडून लाल झालं होतं, आणि एकदम गप्प झालं. दूध घशात अडकलं होतं. मला कळत होतं काय करायचं ते, पण हात चालेना.

तो कधी आला मला कळलं नाही. त्यानं बाळाला माझ्या मांडीवरून उचललं, खांद्यावर पालथं घेऊन पाठीवर थापलं. बाळानं दूध ओकलं, श्वास घेतला आणि पुन्हा रडायला लागलं. एवढंच झालं, क्षणभरात. फाटक अजून उघडं होतं. मी म्हटलं, जा आता, मी बघते.

तो उभा राहिला. माझ्याकडे बघत होता. मग म्हणाला, "आजी, तुमचे हात थरथरून राह्यले." आणि गाडीत बसला, बाळाला घेऊन. आत घंटा वाजली. चौकीदारानं फाटक ओढून घेतलं.

मी फार रागावले. राग अनावर झाला की मला इंग्रजी सुचतं; मी त्याला इंग्रजीत काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. तो प्रत्येक वाक्याला "हाव" म्हणत होता आणि बाळाला थोपटत होता. "माह्यं पुढच्या खेपेले होईन," एवढंच म्हणाला. नवऱ्याची बदली, मुलाची परीक्षा, सासऱ्यांचं दुखणं, यासाठी दारातून परतलेल्या बायका मी पुष्कळ पाहिल्या. परतलेला पुरुष मी पहिल्यांदा पाहत होते, आणि मला त्याचं कौतुक वाटत नव्हतं. मला भीती वाटत होती. तो आत गेला असता तर माझ्याकडून ते बाळ सांभाळलं गेलं असतं का, हे मला आजही सांगता येत नाही.

ताई बाहेर आली, त्याला गाडीत बघून म्हणाली, लवकर सुटला का तू?

"देल्लाच नाही," तो म्हणाला.

ती तिथंच उन्हात थांबली. स्कार्फ सुटून खांद्यावर आला होता. "मले विचारलं काहून नाही?"

"तू अंदर होतीस."

"मंग आवाज द्यायचा होता. मी निघाली असती."

"म्हणूनच नाही देल्ला."

मला वाटलं ती रडेल, किंवा त्याचा हात धरेल. तिनं तसं काही केलं नाही. "आता हे मी जन्मभर कुठी ठेवू?" असं म्हणाली, आणि पुढच्या सीटवर ड्रायव्हरशेजारी जाऊन बसली. आर्णी येईपर्यंत बाळाला मागच्या सीटवर त्यानंच धरलं. बाळ झोपलं होतं.

ती सगळ्या पेपरांत पास झाली. प्रवेशपरीक्षेला बसली, आणि तिला हवं होतं तेच विद्यापीठ मिळालं. तो बसूच शकला नाही. घरात तेव्हा पेढे वाटले गेले नाहीत. ती त्याच्याशी माझ्यामार्फत बोलायची. त्याला सांग, बाळाला उद्या लस आहे. जाऊ की नको, हे तिनं त्याला विचारलं नाही. त्यानंही जा म्हटलं नाही, जाऊ नको म्हटलं नाही; फक्त बॅगेची चेन तुटली होती ती बसवून आणली. विहीणबाई त्यानंतर माझ्या उंबऱ्यात आलेल्या नाहीत. मुलाला फोन करतात, बाळाचा आवाज ऐकतात, आणि मी जवळ आहे असं कळलं की फोन ठेवतात.

आता तो बाळाला अंगणात तेल लावतो. शेजारच्या बायका काहीतरी काम काढून डोकावतात. एक जण म्हणालीही, माय कुठं गेली याची? तो म्हणाला, कॉलेजात, मावशी. हिवाळ्यात त्यानं राहिलेला पेपर दिला, पास झाला. येत्या पावसाळ्यात तोही प्रवेशपरीक्षेला बसणार आहे. त्याला जागा मिळाली तर बाळ कोण बघणार, याचं उत्तर आमच्यापैकी कुणाकडे नाही, आणि या वेळी कुणी काही ठरवूनही ठेवलेलं नाही.

मी एकदा ताईला फोनवर विचारलं, अजून माफ केलं नाहीस का त्याला? बाळानं काय खाल्लं ते तिनं आधी विचारून घेतलं. मग म्हणाली, "माफ करण्यासारखं त्यानं काही केलंच नाही, आजी. तेच तर कठीण आहे."

तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर असं आहे. ताई जिवंत आहे आणि शिकते आहे. बाळ रांगायला लागलं आहे. रोज संध्याकाळी तिचा फोन येतो. आधी बाळाशी, मग माझ्याशी, आणि शेवटी त्याच्याशी ती बोलते. थोडंच बोलते, पण बोलते.