सेन्योराबाईंच्या सूचना

अमेरिकेत शिकायला येणाऱ्या नव्या मुलांसाठी आमच्या युनिव्हर्सिटीतल्या भारतीय मंडळींनी एक सायक्लोस्टाइल केलेला कागद तयार ठेवला होता. बँकेत खातं कुठे उघडावं, तूरडाळ कुठे मिळते, प्रोफेसरांना पहिल्या नावाने हाक मारताना लाजू नये, असं बरंच काही त्यात होतं. बहुतेक उपयोगाचं होतं. शेवटच्या ओळीत मात्र लिहिलं होतं, की कापसाच्या शेतांपलीकडच्या मेक्सिकन गावात घर घेऊ नये. का घेऊ नये, ते लिहिलं नव्हतं. मी आणि माझा नवरा नेमके तिथेच जाऊन राहिलो.

गोष्ट ऐंशीच्या दशकातली, अ‍ॅरिझोनातली. मी नागपूरची, कापसावर संशोधन करायला गेलेली. नवरा ठाण्याचा, इलेक्ट्रॉनिक्सवाला. पहिल्याच महिन्यात एका मराठी काकूंनी आम्हाला जेवायला बोलावलं. वाढता वाढता त्यांनी माझं माहेरचं आडनाव विचारलं, मग नागपुरातली वस्ती विचारली, मग ‘म्हणजे तुम्ही...’ म्हणून वाक्य अर्ध्यावर सोडलं. ‘आम्ही बौद्ध,’ मी त्यांचं वाक्य पुरं करून टाकलं. त्यानंतर बोलावणं आलं नाही. मला रडूबिडू आलं नाही. राग आला, आणि माझा राग लवकर उतरत नाही. त्या कागदावर जे करू नका म्हणून लिहिलं होतं, ते करून बघायची खुमखुमी त्या रागातूनच आली असावी.

आमच्या कॉलेजची कापसाची शेतं चँडलर शहराच्या अलीकडे होती. तिथून सायकलवर दहा मिनिटांत ते गाव. एका बैठ्या घराच्या मागच्या दोन खोल्या भाड्याने होत्या. मालकीणबाई साठीच्या, ठेंगण्या, भक्कम, आणि अ‍ॅप्रनला कायम पाच-सहा सेफ्टी पिना टोचलेल्या. अख्खं गाव त्यांना सेन्योरा म्हणायचं, म्हणजे स्पॅनिशमध्ये मानाने ‘बाईसाहेब’. आम्ही त्याला आपलं ‘बाई’ जोडून सेन्योराबाई केलं. त्यांचं इंग्रजी मोडकं आणि माझं पुस्तकी, त्यामुळे आमचं छान जमलं. आडनाव त्यांनीही विचारलं, पण ते पत्राच्या पेटीवर लिहायचं होतं म्हणून.

दुसऱ्या दिवसापासून सूचना सुरू झाल्या. सकाळी बूट झटकल्याशिवाय पायात घालायचा नाही, आत विंचू असतो. दुपारी गाडीच्या स्टिअरिंगवर टॉवेल टाकून ठेवायचा, नाहीतर हात भाजतो. दुकानात शिरल्यावर आधी सगळ्यांना नमस्कार, मग टोमॅटोचा भाव. घेवड्याच्या शेंगदाण्याएवढ्या बिया रात्रभर भिजवायच्या आणि मीठ सगळ्यात शेवटी. ओढा कितीही कोरडा दिसला तरी डोंगराकडे ढग असले तर त्यात गाडी घालायची नाही. शेजारणीचं भांडं रिकामं परत करायचं नाही. ही शेवटची सूचना ऐकून मी म्हटलं, ‘ही तर माझी आईपण देते.’ ‘मग तुझी आई शहाणी आहे,’ त्या म्हणाल्या, आणि लगेच पुढची सूचना दिली.

एकदाच मी त्यांच्या पुढे गेले. छपरावर गवताच्या जाळ्यांचा, पाण्याचा कूलर होता. माझ्या ठाणेकराने तो लावला आणि गार हवा बाहेर जाऊ नये म्हणून सगळ्या खिडक्या घट्ट बंद केल्या. तासाभरात खोलीचा भपारा झाला. सेन्योराबाई सांगायला आल्या तोवर मी पलीकडची खिडकी चार बोटं उघडून बसले होते. नागपूरच्या माणसाला कूलर कोण शिकवणार? त्यांनी खिडकी पाहिली, मला पाहिलं, आणि त्या दिवसापासून मला जरा बरोबरीने वागवू लागल्या. नवऱ्याला मात्र शेवटपर्यंत नाही.

मला त्यांचं सगळ्यात कौतुक वाटायचं ते वेगळ्याच गोष्टीचं. त्यांची कुठलीही सूचना हवेतली नसायची. प्रत्येकीमागे कोणीतरी चुकलेलं असायचं आणि कोण ते त्या सांगायच्या. विंचू त्यांच्या दिराला चावला होता. ओढ्यात शेजाऱ्याचा ट्रक वाहून गेला होता आणि तो स्वतः झाडावर रात्र काढून आला होता. आमच्या त्या कागदावर नुसतेच नियम होते, माणसं नव्हती. सेन्योराबाईंच्या सूचनांमध्ये सगळं गाव होतं. दुसऱ्यांच्या चुका त्या खुलवून सांगायच्या. स्वतःची चूक मात्र त्यांनी कधी सांगितली नव्हती.

दुसऱ्या वर्षी नाताळात त्यांच्याकडे सरहद्दीपलीकडून एक चाळिशीच्या आसपासची बाई आली. दोन दिवस राहिली. खुर्चीच्या कडेवर बसायची, वाढल्याशिवाय घ्यायची नाही, आणि आमच्यासारखीच त्यांना सेन्योरा म्हणायची. मला वाटलं, कोणी लांबची पाहुणी असेल. मला तेव्हा आठवा महिना होता आणि माझं लक्ष माझ्या पायांच्या सुजेत होतं.

आईला मी बाळंतपणाला बोलावणार होते. तिचा व्हिसा दोनदा नाकारला गेला. माझी आई विड्या वळून मला शिकवणारी. ‘डिग्री अर्धी टाकून आलीस तर घरात घेणार नाही,’ असं मला विमानतळावर बजावणारी. तिने पत्रातून डिंकाच्या लाडवांची कृती पाठवली आणि खाली लिहिलं, करून घालणारं कोणी नाही हे मला माहीत आहे.

जानेवारीत मुलगी झाली. हॉस्पिटलात नर्सने मला मोठ्या प्रेमाने बर्फाचं पाणी दिलं. सेन्योराबाई भेटायला आल्या होत्या. त्यांनी तो ग्लास उचलला आणि बेसिनमध्ये ओतला. घरी आल्यावर त्यांनी माझ्या डोक्याला रुमाल बांधला, पोट लांब पट्ट्याने करकचून आवळलं आणि बोटं दाखवून सांगितलं, चाळीस दिवस. चाळीस दिवस गार पाण्यात हात नाही, झाडू नाही, वारा नाही. मी थक्क झाले. आपला सव्वा महिना या बाईला कोणी सांगितला? कोणीच नाही, तो त्यांचाही होता. रोज सकाळी दालचिनी घातलेली मक्याची पेज आणि दुपारी कोंबडीचा रस्सा. तिसऱ्या दिवशी मी आईचं पत्र काढून लाडवांची कृती मोडक्यातोडक्या भाषेत सांगितली. डिंक त्यांना मिळाला नाही, पण बदाम, गूळ आणि तूप घालून त्यांनी जे काही वळलं, ते खाताना मात्र मी रडले. कपाटावर माझी बुद्धाची लहान मूर्ती होती. हे कोण, असं त्यांनी एकदाच विचारलं, आणि पुढे दर रविवारी चर्चहून येताना तिच्यापुढेही एक फूल ठेवू लागल्या.

चाळीस दिवस संपले आणि खरा प्रश्न समोर आला. एप्रिलमध्ये माझ्या कापसाची पेरणी होती. तो हंगाम चुकला असता तर संशोधन गेलं, त्याबरोबर असिस्टंटशिप गेली आणि डिग्रीही. पाळणाघर आमच्या आवाक्यातलं नव्हतं. नवरा सकाळी लॅबमध्ये जायचा तो अंधार पडल्यावर यायचा. यावर जो उपाय आमच्यातले सगळेच करत, तोच आम्ही ठरवला. बाळाला दोन वर्षांसाठी आजीकडे पाठवायचं. आमच्या ओळखीत तिघांनी असंच केलं होतं आणि कोणालाच त्यात काही वावगं वाटत नव्हतं. नवऱ्याच्या लॅबमधलं एक कुटुंब एप्रिलच्या सुरुवातीला भारतात जाणार होतं, त्यांच्याबरोबर तिकीट काढलं. आईने नागपूरला पाळणा टांगला, दुपटी शिवली. मी डोळ्यांत पाणी आणायचं नाही असं ठरवलं होतं आणि ते पाळतही होते.

प्रवासाला आठवडा उरला तेव्हा मी बाळाला घेऊन सेन्योराबाईंकडे गेले. एवढ्याशा जिवाला इतक्या लांबच्या विमानप्रवासात काय पाजावं, कान दुखू नयेत म्हणून काय करावं, कपडे किती द्यावेत, हे त्यांच्याइतकं कोण सांगणार? मी सगळं विचारलं. त्या मक्याच्या पोळ्या भाजत होत्या. ज्या बाईकडे बूट घालण्यापासून बाळंतपणापर्यंत प्रत्येक गोष्टीची सूचना होती, तिच्याकडे यावर एकही नव्हती. त्यांनी तव्याखालचा गॅस बंद केला आणि हात पुसत मागच्या दारातून अंगणात निघून गेल्या. मला वाटलं, माझं काहीतरी चुकलं. मी तशीच परत आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या स्वतः आल्या. कॉटवर बसल्या. म्हणाल्या, ‘नाताळात ती आली होती ना, ती माझी थोरली.’

मला आधी कळेचना.

मग त्यांनी सांगितलं. तरुणपणी त्या कापूस वेचायला इकडे आल्या, तेव्हा ही मुलगी सहा महिन्यांची होती. तिला आईकडे ठेवलं. एका हंगामाचा तर प्रश्न होता. हंगामाला हंगाम जोडत सहा वर्षं गेली. मग एकदाच्या त्या गेल्या, मुलीसाठी लाल बूट घेऊन. माप अंदाजाने आणलं होतं, ते लहान पडले. मुलगी आजीच्या मागे लपली आणि विचारू लागली, ‘ही बाई कोण आहे?’ इकडे आणावं म्हटलं तर ती आजीला सोडीना, आणि आजीपासून तोडायला त्यांचाही जीव होईना. ‘ती चांगली आहे,’ सेन्योराबाई म्हणाल्या. ‘दर नाताळाला येते. मला मान देते. सगळं गाव म्हणतं तसं मला सेन्योरा म्हणते.’

हे सांगताना त्या रडल्या नाहीत. अ‍ॅप्रनची एक पिन काढून पुन्हा तिथेच लावत राहिल्या.

‘बाकी मी सांगितलेलं तू ऐक नाहीतर नको ऐकू,’ त्या म्हणाल्या. ‘एवढं ऐक.’

‘आणि माझी डिग्री?’ मी जवळजवळ ओरडलेच. ‘माझ्या आईने बोटं झिजवून शिकवलंय मला!’

‘डिग्री सोड असं कोण म्हणतंय?’ त्याही चिडल्या. ‘सकाळी सहाला बाळ माझ्याकडे दे. संध्याकाळी घेऊन जा. माझे गुडघे गेलेत, हात गेलेले नाहीत.’

नवरा घरी आला तेव्हा मी त्याला सांगितलं. त्याने बाळाला उचलून घेतलं. मग म्हणाला, ‘यार, मला तर आधीपासूनच नको होतं हे. तू स्ट्राँग आहेस, म्हणून मी बोललो नाही. कॅन्सल करतो.’ माझ्या कणखरपणाचा मला पहिल्यांदाच संताप आला.

आईला कळवायला नागपूरला तिच्या शेजाऱ्यांच्या घरी फोन केला. ती धावत आली असावी, दम लागला होता. मी सांगितलं. ती म्हणाली, ‘बरं. पाळणा सोडते मग.’ ते वाक्य अजून मला बोचतं. ते माझ्यामुळे तिला म्हणावं लागलं.

तो हंगाम मी पार पाडला, पुढचेही पाडले. मुलगी सेन्योराबाईंच्या अंगणात लिंबाच्या झाडाखाली वाढली. सकाळी सहाला मी तिला सोडायची आणि संध्याकाळी घामाघूम होऊन, हातापायांना माती घेऊन यायची, तर ती फाटकाकडे डोळे लावून असायची. ती चालायला लागल्यापासून सेन्योराबाईंनी एक नियम केला होता, फाटकाचा आवाज आला की मुलीला हातातून खाली सोडायचं. तिने चालत माझ्याकडे यायचं. कडेवरून त्यांनी तिला माझ्या हाती कधीच दिली नाही. तेव्हा मला ती त्यांची आणखी एक तऱ्हा वाटायची.

डिग्री हातात पडली, मुलगी चार वर्षांची झाली, आणि आम्ही पहिल्यांदा नागपूरला गेलो. आई विमानतळावर आली होती. नवं लुगडं, हातात केळी. तिने दोन्ही हात पुढे केले. मुलगी झटकन माझ्या मागे गेली, माझी ओढणी दोन्ही मुठींत धरली आणि विचारलं, ‘मम्मी, हू इज दॅट लेडी?’

आईला इंग्रजी येत नव्हतं. तरी तिला समजलं. तिचे हात हळूहळू खाली आले. मला फार वाईट वाटलं. आणि त्याच वेळी, खोटं कशाला सांगू, इतका आनंद झाला की माझी मलाच लाज वाटली. ‘राहू दे,’ आई म्हणाली, ‘येईल हळूहळू.’ आली, चौथ्या दिवशी, गुळाच्या खड्यासाठी.

परत अ‍ॅरिझोनात आल्यावर सेन्योराबाईंना सगळं सांगितलं. केळी, लुगडं, तो प्रश्न. त्या पोळ्या भाजत होत्या.

‘कोणाच्या मागे लपली?’ त्यांनी एवढंच विचारलं.

‘माझ्या,’ मी म्हणाले.