सहा बोटांची देवी

पिकलेल्या पेरूचा वास आला की माझ्या डाव्या पायाचं सहावं बोट अजून रागानं फुरफुरतं.

गोऱ्या साहेबाच्या अमदानीत निपाणीत आमचं घर बांधताना परसातच विटा पाडल्या होत्या. मी तेव्हा नुकती चालायला लागले होते. वाळत घातलेल्या एका कच्च्या विटेवर मी पाय दिला. ती ठशासकट भाजली आणि नेमकी ठसा बाहेर दिसेल अशी बागेकडच्या भिंतीत बसली. पुढं काही वर्षांनी शेजारच्या गंगाक्काला ती दिसली.

"अगं बया, लक्ष्मीचं पाऊल!"

झालं! हळदकुंकू, ऊद, आणि निम्मी निपाणी आमच्या बागेत. प्रसाद काय, तर माझ्या झाडाचे नारळाएवढाले पेरू!

"आक्का, ते माझं पाऊल हाय! बोटं मोजा की!" मी पाय नाचवत ओरडले.

"गप गं! लक्ष्मीला सहा शोभत्यात. तुझ्या पायात खोट हाय."

आईनं मानगूट धरून मला माझ्याच पावलापुढं वाकवलं. तेवढ्यात शेवटचा पेरू गंगाक्काच्या ओटीत गेला. सगळ्या गावाला प्रसाद मिळाला, देवी तेवढी उपाशी!

आता सणासुदीला सुना वाकतात, तेव्हा मी पाय मागं घेते.

"आधी पेरू ठेवा, मग पाया पडा."