दोन बोटं कमी

गल्लीत त्यांना लहानथोर सगळे फ्रेमवालेच म्हणत. बारा फूट लांब आणि जेमतेम सहा फूट रुंद अशा दुकानात बसून त्यांनी तीस वर्षं लोकांची लग्नं, पदव्या, गेलेली माणसं आणि डोंगरामागून उगवणारे सूर्य काचेमागे बसवले. हात असा बसलेला, की फ्रेमच्या कोपऱ्यात केसाएवढी फट शोधून सापडायची नाही. जीभही तशीच. गिऱ्हाइकाने विचारावं, "अहो, फ्रेम जरा लहान पडेल का?" तर हे म्हणणार, "फ्रेम कधी लहान पडत नसते, चित्र मोठं पडतं." आणि पट्टी ठेवून कटर फिरवायचे. चित्राची कड दोन बोटं गेली म्हणून आजवर कुणी भांडायला आलं नव्हतं.

त्यांना दोन मुलं. थोरली तेरा वर्षांची, धाकटा दहाचा. एरवी दोघांतून विस्तव जात नसे, पण पुढे कागद आला की एका ताटात जेवल्यासारखी बसायची. ती रेघा ओढायची, तो रंग भरायचा. त्या वर्षी शहरातल्या शाळांची चित्रस्पर्धा झाली. विषय होता 'आमची गल्ली'. दोघांनी मिळून काढलेल्या चित्राला पहिला नंबर मिळाला. आता ते मोठ्या स्पर्धेला जाणार होतं, गावोगावच्या पहिल्या नंबरांच्या पंगतीला. घरच्यांना पाहता यावं म्हणून बाईंनी चार दिवस चित्र घरी दिलं. शनिवारी परत आणायचं होतं.

आनंदाने फ्रेमवाल्यांचे पाय जमिनीवर ठरेनात. जन्मभर दुसऱ्यांच्या घरच्या कौतुकाला काच बसवलेला माणूस तो. आपल्याही घरातून काही निघेल, हे त्यांच्या स्वप्नात नव्हतं.

बुधवारी दुपारी मुलं शाळेत गेलेली पाहून ते चित्र घेऊन दुकानात आले. माळ्यावर एक सागवानी फ्रेम पडून होती, आतून बारीक सोनेरी रेघ असलेली. ज्याने करायला सांगितली तो फिरकलाच नव्हता, आणि ती दुसऱ्या कुणाला द्यायला त्यांचं मन होत नव्हतं. चित्र तिच्यात धरून पाहिलं. दोन बोटं जास्त भरलं.

डाव्या काठाला एक हात काढलेला होता. बाही कोपरापर्यंत दुमडलेली, मुठीत हातोडी. हाताचा धनी मात्र कागदाबाहेरच. 'जागा पुरली नाही वाटतं पोरांना,' असं म्हणून ते स्वतःशी हसले. पट्टी ठेवली, कटर फिरवलं. मग कागदाला पोक येऊ नये म्हणून चित्र पुठ्ठ्यावर पक्कं चिकटवलं, काच लावली आणि दर्शनी भिंतीवर टांगलं.

दोन दिवस दुकानात जत्रा. काच मापून न्यायला आलेल्यालाही ते चित्रातलं एकेक दार दाखवत.

शेजारचा इस्त्रीवाला म्हणाला, "चित्र पोरांचं आणि मिशीला पीळ यांच्या."

"जळतोस कशाला? तुझ्या दुकानाचा दिवासुद्धा काढलाय बघ."

चित्र लोकांना दाखवायला दुकानात नेलंय, एवढंच मुलांना माहीत होतं. शुक्रवारी शाळा सुटल्यावर ती दुकानाशी आली. थोरली उंबऱ्यातच थबकली. धाकटा मान तिरपी करून फ्रेमच्या कडेतून आत पाहू लागला, जणू राहिलेलं पट्टीखाली दडलं असावं.

"बाबा, तुम्ही कुठे आहात?"

"हा काय, तुझ्यासमोर."

"चित्रातले. तुमचा हात होता ना तिथे."

फ्रेमवाले चित्राच्या डाव्या कडेपाशी वाकले. "तो माझा होता?"

"तुम्ही दिवसभर आतच बसता," थोरली म्हणाली. "गल्लीतून येताना तुमचा हातच तेवढा दिसतो."

तिने दप्तरातून परीक्षकांचा कागद काढून त्यांच्यापुढे धरला. दोनच ओळी होत्या. काठावरच्या त्या हातामुळे गल्ली कागदाबाहेरही चालू राहते, असं त्यांनी लिहिलं होतं.

दुकानाचा केर रोजच्या रोज कचऱ्याच्या गाडीत जाई. तरी त्यांनी टेबलाखालचा भुसा, पुठ्ठ्याचे तुकडे, सगळं गुडघ्यांवर बसून उपसलं. मग पुठ्ठ्यावरून चित्र सोडवायला पाण्याचा बोळा घेतला, तेव्हा थोरलीने त्यांचं मनगट धरलं. "राहू द्या बाबा. आणखी फाटेल."

बाईंनी चित्र पाठवलं, पण महिन्याभरात ते परत आलं. सोबत चिठ्ठी होती : कागद ठरलेल्या मापाचा नाही.

"अहो, पोरांना एकदा विचारायचं तरी," बायको एवढंच म्हणाली.

"माझ्याच पोरांचं चित्र. त्यात विचारायचं काय, असं वाटलं गं."

मुलांनी शब्दानेही दोष दिला नाही. रडली असती, आदळआपट केली असती, तर ते पाया पडायलाही तयार होते. पुढे दोघांनी कितीतरी बक्षिसं मिळवली, पण ती चित्रं दुकानात कधी आली नाहीत. नंबर आल्याचं त्यांना इस्त्रीवाल्याकडून कळायचं.

बारा वर्षांनी बहीणभावांनी मिळून एका सभागृहात चित्रं मांडली. फ्रेमवाले ठेवणीतला शर्ट घालून गेले. सगळे कागद नुसते चिमट्यांना लटकवलेले.

"हल्ली फ्रेम लावत नाहीत, बाबा," थोरलीने आपणहून सांगितलं.

शेजारच्या दालनातली झाडून सगळी चित्रं काचेमागे होती. ते त्यांनी येतानाच पाहिलं होतं, कोपरेसुद्धा तपासले होते. तरी ते म्हणाले, "खरंय. काचेने रंग मरतो."

लोक चित्रांपुढे थांबत, मागे सरून पुन्हा पाहत. धाकट्याभोवती घोळका जमला होता. "ही माझी मुलं," असं त्यांनी दोन अनोळखी माणसांना सांगूनही टाकलं. मग त्यांना एक चित्र किंचित कललेलं दिसलं. दुसऱ्या कुणाला ते जन्मात दिसलं नसतं. त्यांचा हात वर गेला आणि अर्ध्यातच थांबला. त्यांनी वळून थोरलीकडे पाहिलं.

"सरळ करू का गं?"

ती लगबगीने आली. हसली, त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"थांबा बाबा, मी करते."

फ्रेमवाले एक पाऊल मागे सरले आणि दोन्ही हात पाठीमागे धरून उभे राहिले.