घरून आणलेली ताटली

माझ्या वडिलांचा, धनजच्या किसनरावांचा, अपमान झाला तो बहात्तर साली, पोळ्याच्या करीला, भर दुपारी. आज कारंजा स्टँडवर निखाऱ्यावरच्या कबाबाचा वास आला आणि पाय तिथंच थांबले.

तेव्हाही इथं असाच वास होता. हैदराबादहून आलेल्या खानसाम्यानं नवीच सिगडी मांडली होती. चरबी निखाऱ्यावर पडून चरचरत होती. त्यानं हॉटेलच्या ताटलीत कबाब घालून बाबांपुढे आणि त्यांचं बोट धरून आलेल्या माझ्यापुढे धरले, तोच शेजारच्या बाकावरून आमच्या गावचा एक जमीनदार ओरडला, "अरे भाई, यायले कायले ताटली देऊन राह्यला? मंग आमी कायच्यात खाचं?"

खानसामा परमुलखातला, त्याला काही कळेना. बाबाच हसले. "राहू द्या मालक, आमची हाय आमच्यापाशी," म्हणत त्यांनी पिशवीतून घरची ताटली काढली.

आमची ताटली जास्त चकचकीत, म्हणून मी खुशीत खाल्लं. आणखी मागितलं. बौद्ध होऊन सोळा वर्षं झाली होती, तरी बाबा अपमानाची तयारी करूनच घरून निघाले होते. हे आज कळतं, आणि तो घास आज कडू लागतो.

ती सिगडी अजून पेटते. तिथं कुणी पिशवीतून ताटली काढताना दिसला, तर तुमची ताटली त्याला द्या आणि सगळ्यांदेखत त्याच्या ताटलीत तुम्ही जेवा.