पट्ट्याच्या दोन बोटं वर
आमचे हे चाळीस वर्षं शर्ट-पँट शिवतात. सगळे त्यांना मास्तर म्हणतात, म्हणून मीही. लघवीतून रक्त जायला लागलं तर आठ दिवस माझ्यापासून लपवलं. म्हणे, बीट खाल्लं असेल. अहो, पण घरात बीट आणतं कोण? मीच ना!

निघाला कॅन्सर. डॉक्टर म्हणाले, मूत्राशय काढावं लागेल. आतड्याच्या तुकड्याचं पोटावर तोंड करायचं, आणि लघवी बाहेर चिकटवलेल्या पिशवीत. जन्मभर.

मास्तर घरी येऊन भिंतीकडे तोंड करून पडले. "मशीनवर बसलो आणि गळाली तर? गिऱ्हाइकासमोर? त्यापेक्षा नकोच ते ऑपरेशन."

"बरं. मग माझं काय करायचं तेही सांगून ठेवा," मी कडाडले. खरं सांगते, भीतीनंच कडाडले होते.

चार दिवसांनी कसेबसे 'हो' म्हणाले. सिगारेट सुटली. फुफ्फुसांच्या व्यायामासाठी डॉक्टरांनी श्वास ओढून तीन चेंडू वर उचलायचं एक खेळणं दिलं होतं, ते घेऊन बसायचे. बोलणं मात्र नाही, तोंडात मिठाची गुळणी.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी नर्सबाई पिशवीच्या जागेची पोटावर खूण करायला आल्या. मास्तरांना झोपवलं, उभं केलं, खुर्चीत बसवलं आणि पेनानं ठिपका दिला.

"चुकलं," मास्तर म्हणाले.

मी दचकलेच.

"असा ताठ बसतो का मी? स्टूल द्या." स्टुलावर बसून ते मशीनवर वाकतात तसे वाकले, पायसुद्धा हलवायला लागले. ठिपका पोटाच्या घडीत गडप! "बघा. शिवाय पट्टा नेमका इथंच येणार. दोन बोटं वर घ्या."

नर्सबाईंनी ठिपका पुसून वर दिला आणि पुन्हा वाकायला लावलं. "आता बसलं," मास्तर म्हणाले. मला हसू की रडू कळेना.

ऑपरेशन सहा तास चाललं. मग सगळे एकाच गोष्टीची वाट बघत बसलो, आतडं कधी चालू होतंय. चौथ्या दिवशी मी लेकीला फोनवर ओरडून सांगितलं, "बाबा पादले गं!" अख्खा वॉर्ड हसला. हसू दे! पुढे रिपोर्ट आला. डॉक्टर म्हणाले, "कापलेल्या कडा साफ आहेत, कॅन्सर मागे राहिलेला नाही." मास्तर म्हणाले, "म्हणजे उसवणार नाही." सुटले बाई मी एकदाची!

घरी आल्यावर एकदा पिशवी गळाली, चादर भिजली. मास्तर रडले. "पहिली ट्रायल आहे," मी म्हटलं आणि चादर बदलली. तीन महिन्यांनी ते दुकानात बसायला लागले.

परवा एक गृहस्थ दारातच घुटमळत उभे राहिले. "माझंही तेच ऑपरेशन आहे. नर्सबाई म्हणाल्या, आधी मास्तरांना भेटा."

मास्तरांनी स्टूल पुढे सरकवलं. "काम काय करता?"

"ट्रक चालवतो."

"मग तसे बसा. हात स्टिअरिंगवर."

त्यांनी हवेतच स्टिअरिंग धरलं. मास्तरांनी पट्ट्याच्या वर बोटं टेकवली आणि शर्टावर खडूनं फुली मारली. "नर्सबाईंना दाखवा. इथं मागा."

ते हळूच म्हणाले, "पण गळत नाही ना? लोकांना कळत तर नाही ना?"

मास्तर त्यांच्यासमोर ताठ उभे राहिले, मग गोल फिरले. "सांगा बघू, माझी कुठं आहे?"

त्या गृहस्थांनी वरपासून खालपर्यंत नीट पाहिलं. त्यांना काही सापडलं नाही.