गप्प राहिल्याची नोंद

यथातथ्यता हा गुण दिसायला साधा आणि आचरायला दुष्कर. ऐकलेल्यात पदरचे काही घालायचे नाही आणि त्यातले काही गाळायचेही नाही, इथेच माणसाचा कस लागतो. खालच्या न्यायालयातल्या एका लघुलेखकांनी, ज्यांना सारे 'काका' म्हणत, हे व्रत तीस वर्षे सांभाळले. साक्षीदार अडखळला, तर न्यायाधीशांची संमती घेऊन ते तेही टिपीत.

"काका, उद्या जांभईसुद्धा लिहाल!" वकील चिडवत.

"तुमचं भाषण चालू असताना कुणी दिली, तर कागद पुरायचा नाही."

शिवणकाम करणाऱ्या एका विधवा बाईंना खोलीतून काढण्यासाठी घरमालकाने काकांच्या न्यायालयात दावा लावला. खोली सोडण्याची नोटीस आपण स्वतः बाईंच्या हाती दिली, असे मालकाच्या कारकुनाने शपथेवर सांगितले. न्यायाधीशांना ते पटले नाही. नोटीस पोचलीच नाही, असे त्यांनी ठरवले. मात्र अशा खोलीला कायद्याने नोटीस लागतच नाही, असे म्हणून त्यांनी बाईंना बाहेर काढण्याचा हुकूम दिला. बाई अपिलात गेल्या.

सुनावणीला काका रजा टाकून मागच्या बाकावर बसले. शेजारी बाई, पिशवीचे बंद मुठीत आवळून.

मालकाचे वकील कडाडले, "साहेब, 'नोटीस मी दिली', इतकं स्वच्छ उत्तर आहे! अविश्वासाला जागा कुठे?"

काका बाकाच्या कडेला सरकले. त्या साक्षीच्या दिवशी त्यांच्या अंगात ताप होता. कारकून अडखळल्याची ओळ लिहिली होती, की राहून गेली?

न्यायमूर्तींनी सावकाश पान उलटले. "उत्तराच्या वर काय आहे? 'साक्षीदार गप्प. प्रश्न तिसऱ्यांदा विचारला. साक्षीदार मालकाकडे पाहतो.' हे वाचलंत?"

"ती त्या लघुलेखकाची खोड आहे, साहेब."

"असू दे. साक्षीदाराला खालच्या न्यायाधीशांनी पाहिलं, आम्ही नाही. काय घडलं याचा त्यांचा निष्कर्ष साधार आहे. तो आम्ही मोडणार नाही. कायद्याचं तसं नाही. तो जितका त्यांना दिसतो, तितकाच आम्हालाही. नोटीस लागते, आणि ती पोचलेली नाही. हुकूम रद्द."

बाईंना काही उमगेना. "काका, माझी खोली गेली का हो?"

"नाही, ताई. घरी जा, मशीन सुरू करा."

काका जाऊन पाच वर्षे झाली. बाई अजून त्याच खोलीत राहतात.